दोन कण सोने

ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे १८५१ साली सोने सापडले. ते जुने खाणगाव 'सॉव्हरिन हिल' या नावाने पुन्हा उभारले असून १९७० पासून प्रेक्षकांसाठी खुले आहे. ओढ्याच्या वाळूत परात हलवीत आम्ही तासभर वाकलो; हाती आले दोन इवलेसे कण. मुलगा हरखला.

आमचे मन मात्र दुसरीकडेच रेंगाळले. ऑक्टोबर १८५४ मध्ये फादर पॅट्रिक स्मिथ यांच्या अपंग आर्मेनियन सेवकाला, परवाना नाही म्हणून शिपायांनी मारहाण करून पकडले. अशा अन्यायांनी खाणकामगार पेटून उठले. ३ डिसेंबरच्या पहाटे युरेका येथील त्यांच्या तटबंदीवर सैनिक तुटून पडले. किमान २२ खाणकामगारांनी प्राण गमावले.

परतताना मुलाने कुपी उजेडात धरून विचारले, "याची किंमत किती?" आम्हांस उत्तर सुचले नाही.