बॅग डोक्यावर, पाय बांधीत

नाल्याचं पाणी कमरेला लागलं तेव्हा पुढे चाललेल्या काकांनी मागे वळून न पाहताच सांगितलं, "पट्टे सोड."

मला कळलंच नाही. पाठीवरच्या बॅगेचा छातीवरचा आणि कमरेवरचा, दोन्ही पट्टे मी निघतानाच करकचून आवळले होते. हललीच नाही तर पडणार कशी, असा माझा हिशोब.

"पट्टे सोड बाई. पाय घसरला तं बॅग तुले घेऊन जाईल. सुटी रायली तं बॅग जाईल, तू राहशील."

बॅग जाईल, हे ते किती सहज म्हणाले! त्या बॅगेत मामाचा कॅमेरा होता.

मामाचा गोंदियात छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी आणि मुख्य म्हणजे लग्नं. आषाढी एकादशीला देव झोपले की लग्नं थांबतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मामाचा कॅमेरा कपाटात झोपतो. मी पुण्यात नोकरी करते. जुलैच्या शेवटी चार दिवसांची सुट्टी टाकून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियाला आले, आणि मामाकडे कॅमेरा मागितला. सारस बघायला जायचं होतं. फोनमधून सारस म्हणजे हिरव्या कागदावर पडलेला राखाडी ठिपका.

मामा दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "बुडवला तं दिवाळीनंतरची सगळी लग्नं तुझ्या पगारातून."

त्याच्या भीतीमागे एक गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याची सगळ्यात महागडी लेन्स खराब झाली. नाल्यात नाही, पावसात नाही. लोखंडी कपाटात, चामड्याच्या बॅगेत, मामीच्या शालूंच्या शेजारी. नोव्हेंबरमध्ये बाहेर काढली तेव्हा काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. बुरशी. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, अंधार असला आणि वारा खेळता नसला की ती काचेवरच्या धुळीवर, बोटांच्या तेलकट डागांवर जगते. तिच्यातून जे आम्ल सुटतं त्याने काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. लेन्स उघडून साफ झाली, पण त्यानंतर उजेडासमोर धरलेल्या प्रत्येक फोटोत नवरीभोवती धुकं यायला लागलं. शेवटी मामाने ती विकली. कितीला, ते त्याने मामीलाही सांगितलं नाही.

मी त्याला म्हटलं, "मामा, कपाटात ठेवूनही गेलीच ना? मग बाहेर काढलेली काय वाईट?"

या युक्तिवादावर त्याने कॅमेरा दिला. मला तो फार हुशार वाटला होता.

आता तयारी. माझ्या बॅगेला रेनकव्हर होतं, पण रेनकव्हर हे पावसाचं औषध आहे, पाण्याचं नाही. ते वरून झाकतं. पाठीकडची बाजू उघडी राहते. पाठीवरून ओघळलेलं पाणी आत शिरतं आणि कव्हरच्याच तळाशी तळं साचतं. कंबरभर पाण्यात तर त्याचा काही उपयोगच नाही. म्हणून आत ड्रायबॅग. तिचं तोंड गुंडाळून बंद करायचं असतं, निदान तीन घड्या, आणि गुंडाळण्याआधी थोडी हवा आत ठेवायची, म्हणजे पडलीच तर तरंगते. बॅटऱ्या आणि कार्ड वेगळ्या झिपच्या पिशवीत. सोबत सिलिका जेलची पुडी. केशरी दाणे ओल शोषून हिरवे झाले की कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा केशरी करायचे. मामी म्हणाली, "कढई घेऊन जा, पण परत आणू नको."

आणि तांदूळ? गोंदियाच्या मुलीला हा प्रश्न टाळता येत नाही. आमचं शहर राईस मिलांचं. फोन पाण्यात पडला की इथे कुणी दुकानात जात नाही, सरळ तांदळाच्या डब्यात जातो. पुण्यातल्या मैत्रिणी मला गमतीने विचारतात, तुमच्याकडे तर अख्खं पोतं असेल. खरं सांगायचं तर तांदळाने फार काही होत नाही. उघड्या हवेपेक्षा तो काही जास्त ओल ओढत नाही, उलट त्याची भुकटी फटीत जाऊन बसते. २०२४ मध्ये अ‍ॅपलनेच सांगून टाकलं की ओला फोन तांदळात ठेवू नका. कॅमेरा भिजला तर आधी बंद करायचा, बॅटरी आणि कार्ड काढायचं, कोरड्या कापडाने टिपायचा, आणि चालू होतो का हे बघायचा मोह आवरायचा. शेवटचं सगळ्यात अवघड.

एवढं सगळं पाठ करून मी निघाले होते. ड्रायबॅगच्या आत दोन टॉवेलांत गुंडाळलेला कॅमेरा, ड्रायबॅगवर खताच्या पोत्यातल्या प्लास्टिकचा आणखी एक थर, त्यावर बॅग, बॅगेवर रेनकव्हर. मामाच्या स्कूटीवरून चाळीस मिनिटं. गोंदिया तालुक्याचं उत्तरेकडचं टोक, पुढे वैनगंगा, पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. गावाचं नाव लिहीत नाही. घरट्याचा पत्ता सांगायचा नसतो.

काका मामाच्या ओळखीतले. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचे फोटो मामाने काढले होते. सारसाची जोडी त्यांच्या शेजारच्या बांधीत उतरते.

नाला आम्ही ओलांडला. काकांनी आधी काठीने तळ चाचपला, काठावरच्या दगडाला पाणी कुठवर टेकलंय ते पाहिलं, थोडं थांबून पुन्हा पाहिलं. पाणी चढत नव्हतं. चढत असतं, किंवा वरून काटक्या-पालापाचोळा वाहत येत असता, तर ते मला तिथूनच परत घेऊन जाणार होते. मी पट्टे सोडले, बॅग डोक्यावर घेतली, आणि त्यांनी पाय ठेवला तिथेच पाय ठेवत पलीकडे गेले. बॅगेला थेंब लागला नाही. मला इतका आनंद झाला की पुढची बांधी मी बघितलीच नाही.

आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात, आणि बांधाला धुरा. धुऱ्यावरून चालायचं असतं. तो पावसाने साबणासारखा झाला होता. डोक्यावर बॅग, दोन्ही हात वर. पाय सटकला आणि मी कॅमेरा वाचवायला बांधीत उतरले. पडले नाही. उलट तोल सावरत, चिखलात पाय उपसत, सात-आठ पावलं तशीच चालत गेले, कारण तिथे धुऱ्यापेक्षा बरं वाटत होतं.

"बाई, बॅग पाहून रायली का खाली पाहून रायली?"

मी खाली पाहिलं. माझ्या मागे चिखलात गुडघाभर खड्ड्यांची एक ओळ होती, आणि प्रत्येक खड्ड्यात दाबली गेलेली हिरवी रोपं. रोवणा होऊन चार दिवस झाले होते. चार दिवसांपूर्वी इथे दहा-बारा बाया दिवसभर कमरेत वाकून उभ्या होत्या.

मी सॉरी म्हणाले. मग पैसे देऊ का, असं विचारलं. ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

काका हसले. रागाने नाही, पण हसले. धुऱ्याच्या कडेला उरलेल्या रोपांची एक जुडी पाण्यात ठेवलेली होती, ती त्यांनी माझ्याकडे टाकली. "हात आहेत ना?"

बॅग त्यांनी घेतली आणि बाभळीच्या फांदीला अडकवली. मी पुन्हा बांधीत उतरले. तीन-चार काड्या बोटांत धरायच्या, अंगठ्याने मुळं चिखलात सारायची, हात काढून घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. माझी रोपं तरंगून वर येत होती. खोल खोचली तर बुडत होती. वीस-पंचवीस चूड लावले असतील, कंबर धरली. पावसाची सर आली. मी मुकाट भिजत होते आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की सकाळपासून आम्हा दोघांमध्ये कोरडी अशी एकच गोष्ट होती, आणि तिच्यासाठी मी पाच थर आणले होते. काकांच्या डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ होती. बायांच्या डोक्यावर तेवढीच असते.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच जिल्ह्यात, नवेगावबांधला बरीच वर्षं होते. पुस्तकं वाचून आलेल्या या माणसाला तिथलं पाणी, पक्षी आणि त्यांची नावं दाखवली ती माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या तिथल्या माणसांनी, आणि चितमपल्लींनी ते लिहूनही ठेवलं. कॉलेजात ते वाचताना मला वाटायचं, आपल्यालाही असं कुणी भेटावं. भेटल्यावर पहिला धडा चिखलाचा असेल असं वाटलं नव्हतं.

मग आवाज आला. कुणीतरी दूरवर पितळी तुतारी फुंकावी तसा, आणि लगेच दुसरा, त्याच्यात मिसळलेला. नर-मादी एकत्र ओरडतात. तीन बांध्या पलीकडे दोन सारस उभे होते. जवळजवळ माणसाएवढे उंच, राखाडी अंग, डोक्यापासून मानेपर्यंत लाल. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच दुसरा नाही. त्यांच्या पायाशी धानातच गवत-काड्यांचा एक ढीग होता.

"अंडे दोन आहेत," काका म्हणाले. "महिनाभर बसतात, पाळीपाळीने."

मी पळत जाऊन बॅग काढली. रेनकव्हर, प्लास्टिक, ड्रायबॅग, टॉवेल. सगळं कोरडं! कॅमेरा डोळ्याला लावला. समोर पांढरं. लेन्स पुसली. पुन्हा पांढरं.

बुरशीच्या धास्तीने मामा हल्ली कॅमेरा एसी लावलेल्या खोलीत ठेवतो. रात्रभर गार झालेली काच मी दोन टॉवेलांत गुंडाळून गारच ठेवली, आणि इथल्या ओथंबलेल्या हवेत उघडली. फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या ग्लासासारखी ती बाहेरून भिजली. बॅग अर्धा तास बंदच ठेवून काचेला बाहेरच्या हवेइतकी कोमट होऊ द्यायची असते. हे मला माहीत होतं. पाच थरांच्या नादात विसरले.

त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं आम्ही नुसते बसलो. एक सारस ढिगावर बसला, दुसरा बेडूक शोधत फिरत राहिला. काका सांगत होते की घरट्याभोवतीचं धान शेजाऱ्याने तसंच सोडलंय, तिथे निंदायलाही जात नाही. दरवर्षी जूनच्या सुमारास गणना होते. 'सेवा' संस्थेची पोरं, वन विभागाचे लोक आणि गावागावातले सारसमित्र पहाटेच धुऱ्यांवर जाऊन बसतात. अलीकडच्या गणनांत अख्ख्या जिल्ह्यातले सारस पन्नाससुद्धा भरलेले नाहीत. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली होती, हे मी बातम्यांत वाचलं होतं. शेजाऱ्याने सोडलेलं धान बातमीत नव्हतं.

"जवळ जाऊ का थोडं?" धुकं उतरल्यावर मी विचारलं.

"जा ना. तो उठेल, मग कावळा येईल अंड्यावर."

मी बसल्या जागेवरून अकरा फोटो काढले. कॅमेरा पुन्हा गुंडाळला, परतताना नाल्याआधी स्वतःहून पट्टे सोडले. धुऱ्यावर एकदाही घसरले नाही. खाली बघून चालत होते.

संध्याकाळी मामाने लेन्स काढून तिच्यात टॉर्च मारला. या बाजूने, त्या बाजूने. बॅटरीचा कप्पा हुंगला. सिलिका जेलचे दाणे तपासले. निम्मे हिरवे झाले होते. मग काही न बोलता कार्ड कॉम्प्युटरला लावलं.

"पक्षी कुठाय यात?"

मी बोट ठेवलं.

"एवढुसा? एवढी लेन्स देऊन?"

"एवढ्याच लांबून बघायचा असतो, मामा."

त्याने फोटो मोठा केला. सारसाकडे नाही, खालच्या कोपऱ्याकडे गेला. लग्नाच्या फोटोत मंडपाची झालर वाकडी असली तरी त्याला खुपते. सगळ्या बांधीत रोपांच्या रांगा सुतात होत्या, फक्त पुढच्या पट्ट्यात वीस-पंचवीस चूड कसेही, कुठेही उभे होते. दोन तर आडवेच.

"हे कोणी लावलं बे?" मामा म्हणाला. "पाहून रायली का? किती वाकडं आहे."