ठेक्याच्या बाजूने

‘अपाचे’ म्हणजे हँक मार्विनची गिटार, याविषयी बरीच वर्षे माझ्या मनात शंका नव्हती. जेरी लॉर्डनची ही धून मार्विनच्या ‘द शॅडोज’ने 1960 मध्ये वाजवली आणि ब्रिटनमध्ये ती पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. त्यामुळे 1973 मधला ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’चा अवतार ऐकल्यावर मी नाक मुरडले. मायकेल वायनरने स्टुडिओतले वादक जमवून उभा केलेला हा बँड. तीन मिनिटांच्या आत संपणारी धून त्यांनी पाच मिनिटांपर्यंत ताणलेली, वर ब्रास आणि ऑर्गनचा गलका. मध्ये तर धून गायबच! उरतात ते फक्त ड्रम आणि बाँगो. जिम गॉर्डन आणि किंग एरिसन आपल्याच नादात.

ही जागा मला निव्वळ भरताड वाटायची. आज ती रेकॉर्ड मी त्या जागेसाठीच लावतो.

मत पालटले ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या डीजे कूल हर्कची युक्ती कळल्यावर. सूर थांबून नुसता ताल उरला की त्याच्या पार्ट्यांत नाचणाऱ्यांना चेव येई. मग हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवी. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू. ‘अपाचे’चा हा तुकडा त्याचा हुकमी होता. हिप-हॉपचा पाया अशा तुकड्यांवर रचला गेला.

मग मीही तो तुकडा नुसत्या तालासाठी ऐकला. ठुमरीत शेवटी लग्गी लागते, तबला मोकळा सुटतो, तेव्हा ‘गाणे कुठे गेले?’ असे मी कधी विचारले नव्हते. इथेच का विचारत होतो?

पुन्हा शॅडोजकडे वळलो, तर ताल तिथेही होताच. सुरुवातीचा ठेका क्लिफ रिचर्डने चिनी ड्रमवर धरलेला, पुढे टोनी मीहानचे ड्रम. मुळात कडेला असलेला ताल ‘बाँगो बँड’ने मध्यभागी आणला. कव्हरने मूळ किती जपले, एवढेच मी मोजत असे; आता त्याने मुळातले काय हेरले, तेही पाहतो.

ब्रासचा तो गलका मला अजूनही सोसत नाही, आणि धून हवी असली की मी मार्विनकडेच जातो. पण ‘मूळ ते मूळच’ म्हणून वाद मिटवणे मात्र सोडले आहे.