चौदा क्रमांकामागचा आमदार



फिलाडेल्फियाच्या फिलीज या बेसबॉल संघाने २००१ मध्ये निवृत्त केलेला, म्हणजे यापुढे कोणत्याही खेळाडूला न देण्याचे ठरवलेला १४ हा क्रमांक जिम बनिंग यांचा. २१ जून १९६४ रोजी न्यूयॉर्क मेट्स संघाविरुद्ध त्यांनी ‘परफेक्ट गेम’ साधला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज पहिल्या बेसपर्यंतही न पोहोचता बाद केले. मात्र त्यांच्या राजकारणाचा उगम या पराक्रमात शोधणे बरोबर ठरणार नाही; तो खेळाडूंच्या संघटनेसाठी केलेल्या कामात शोधायला हवा.

त्या काळी बेसबॉलमध्ये ‘आरक्षण कलम’ असे, ज्यामुळे करार संपल्यावरही खेळाडू मूळ संघमालकाशीच बांधलेला राही आणि मोबदल्याची घासाघीस करण्याचे बळ त्याच्यापाशी फारसे उरत नसे. अर्थशास्त्राची पदवी घेतलेले बनिंग खेळाडूंचे प्रतिनिधी होते, आणि १९६६ मध्ये पोलाद कामगार संघटनेतील अर्थतज्ज्ञ मार्विन मिलर यांच्या हाती खेळाडूंची संघटना सोपवण्यात खेळाडू रॉबिन रॉबर्ट्स यांच्यासह त्यांचा पुढाकार होता. त्या सामन्याइतकेच हे कामही मोठे मानले पाहिजे, कारण पुढच्या दशकात याच संघटनेने ते कलम मोडून काढले.

१९७१ मध्ये खेळ सोडल्यावर १९७७ मध्ये ते फोर्ट थॉमसच्या नगर परिषदेवर आणि १९७९ मध्ये केंटकी राज्याच्या सिनेटवर निवडून आले. हे राज्य विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह असले तरी आपल्या विधान परिषदेप्रमाणे तेथे अप्रत्यक्ष निवडणूक किंवा नामनियुक्ती नसते, तर त्याचे अडतीसही सदस्य मतदार थेट निवडतात. तेथे अल्पमतात असलेल्या रिपब्लिकन गटाचे नेतृत्व त्यांनी केले; १९८३ मध्ये गव्हर्नरपदाच्या लढतीत मात्र मार्था लेन कॉलिन्स यांनी त्यांचा पराभव केला. तरीही ते मागे हटले नाहीत. १९८६ मध्ये ते अमेरिकी प्रतिनिधिगृहावर आणि १९९८ मध्ये, सात हजारांहून कमी मतांच्या आघाडीने, अमेरिकी सिनेटवर निवडून गेले.

२०१० मध्ये, खर्चाची तरतूद आधी दाखवा असा आग्रह धरून, याच बनिंग यांनी बेरोजगार भत्त्याची मुदतवाढ काही दिवस एकट्याने रोखून धरली. खेळाडूंच्या हक्कांसाठी झटलेल्या माणसाची ही भूमिका कठोर होती, आणि तिचा मेळ त्या जुन्या कार्याशी घालता येत नाही.

खेळाडू म्हणून बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवड झालेल्यांपैकी अमेरिकी सिनेटमध्ये बसलेले ते एकमेव होत.