रूप आणि ओळख

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं मुलांनातवंडांचा मेळा जमला होता. एके रात्रीं नातीनें आग्रह धरला, "आजोबा, आज आमच्याबरोबर एक कोरियन चित्रपट पाहिलाच पाहिजे. तुमच्या नळ-दमयंतीसारखाच आहे." नळ-दमयंतीचें नांव काढल्यावर माझ्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास नाहीं म्हणवेना. कोरियन भाषेचें एक अक्षर मला येत नाहीं. पण खालीं उमटणारीं इंग्रजी वाक्यें वाचीत, आणि जेथें अडलें तेथें नातीस विचारीत, मीं तो सबंध पाहिला. आमची मंडळीही दुसऱ्या दिवसाच्या भाजीसाठीं मेथीची जुडी मांडीवर घेऊन शेजारीं बसली होती. त्या रात्रीपासून जो विचार मनांत घोळत आहे, तो वाचकांपुढें मांडावा एवढाच या लेखाचा हेतु.

'द ब्यूटी इनसाइड', म्हणजे 'अंतरींचें सौंदर्य', असें या चित्रपटाचें नांव. २०१५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत तो दक्षिण कोरियांत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक बेक जोंग-योल. मूळ कल्पना २०१२ सालच्या एका लहानशा अमेरिकन चित्रमालिकेची. ती इंटेल व तोशिबा या दोन कंपन्यांनीं आपल्या मालाच्या जाहिरातीसाठीं काढविली होती. जाहिरातीच्या बियांतून असें झाड उगवावें याचें मला नवल वाटलें.

वू-जिन हा लांकडी सामान घडविणारा एक कसबी तरुण. १८ व्या वर्षापासून त्याच्यामागें एक विलक्षण भोग लागला आहे. रोज सकाळीं उठावें तों देह निराळा! आज तरुण, उद्यां म्हातारा. कधीं स्त्री, कधीं बालक, कधीं परदेशी. मन, स्मृति आणि हातांतील कसब तेवढें तेंच. घरांत सर्व मापांचे कपडे आणि जोडे ठेवावे लागतात. हें गुपित त्याची आई आणि एक मित्र यांनाच काय तें ठाऊक. मुख्य प्रसंगांत २१ नटनटींनीं मिळून हा एकच वू-जिन वठविला आहे. नायिका यी-सू मात्र चित्रपटभर एकच. हान ह्यो-जू या नटीनें ती भूमिका केली आहे.

यी-सू सामानाच्या एका दुकानांत कामाला असते. तिच्यावर वू-जिनचें मन बसतें. पण बोलावयास जाण्यासाठीं तो एखाद्या देखण्या दिवसाची वाट पाहतो. तसा दिवस उजाडतो तेव्हां तिला भेटतो, आणि झोप लागतांच हें रूप जाणार म्हणून रात्रीमागून रात्र जागून काढतो. अखेर प्रवासांत डोळा लागतो, आणि जागा होतो तों टक्कल पडलेला प्रौढ गृहस्थ! येथें आमचीं मुलें मोठ्यानें हंसलीं. मला हंसूं आलें नाहीं. रूपावर पहारा करणारा हा जागल्या मला ओळखीचा वाटला.

त्या देशांत हा पहारा बराच कडक आहे. सोल शहराचा गंगनाम भाग चेहरा सुधारण्याच्या शस्त्रक्रियांसाठीं जगभर प्रसिद्ध आहे. नोकरीच्या अर्जास छायाचित्र जोडण्याची तेथें जुनी रीत. सार्वजनिक संस्थांच्या नोकरभरतींत तरी अर्जावर छायाचित्र नको, असा निर्णय २०१७ सालीं झाला. परंतु आपण त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. 'गोरी, सडपातळ' हे शब्द आपल्याकडील वधूवरांच्या जाहिरातींतून अजून गेलेले नाहींत, आणि मुलीस दिवाणखान्यांत चालवून पाहणारे लोक माझ्या चांगले आठवणींत आहेत.

नातीनें केलेली तुलना बरोबर होती, पण अर्धीच. महाभारताच्या वनपर्वांत दमयंतीपुढें ओळखीचा प्रश्न दोनदां येतो. स्वयंवरांत इंद्र, अग्नि, वरुण आणि यम नळाचेंच रूप घेऊन बसले, तेव्हां एका रूपाचे पांच झाले; घाम, सावली, पापण्यांची उघडझांप अशा मर्त्य खुणांवरून तिनें खरा नळ निवडला. पुढें कर्कोटकाच्या दंशानें नळ विरूप झाला आणि बाहुक या नांवानें ऋतुपर्ण राजाचा सारथि होऊन राहिला. तेव्हां इतर खुणांबरोबर त्याच्या हातच्या पाकाच्या चवीवरून तिनें त्याला ओळखलें. रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळें मराठी वाचकांस स्वयंवराची परीक्षा अधिक परिचित आहे. मला मात्र दुसरी मोठी वाटते. चित्रपटाच्या शेवटीं यी-सूही दूर चेक देशांत गेलेल्या वू-जिनचा माग त्याच्या हातच्या लांकूडकामावरून काढते. पाकसिद्धि काय, सुतारकाम काय, देह पालटला तरी हात ओळख देतो.

मग तुलना अर्धी कां? दमयंतीला ही परीक्षा दोनदां द्यावी लागली. यी-सूला ती रोज द्यावी लागते. वू-जिन आपलें गुपित तिला सांगतो तेव्हां तो स्त्रीदेहांत असतो. ती घाबरून निघून जाते, पुढें परत येते. एकदां तर तो जपानी तरुणी असतां त्याच्याजवळ राहून रूप कसें पालटतें तें डोळ्यांनीं पाहते. येथवर कथा गोड आहे. पण पुढें काय? ठरल्या जागीं ती वाट पाहत उभी राहते. येणाऱ्याजाणाऱ्यांत आपला कोण हें तिला कळत नाहीं. त्यानेंच येऊन हात धरावयाचा. लोक म्हणतात, ही रोज नव्या पुरुषाबरोबर फिरते. तिचें स्वास्थ्य बिघडतें, औषधें सुरू होतात, आणि अखेर तिचे हाल पाहून तोच तिला सोडून जातो. 'प्रेमास रूप लागत नाहीं' हें वाक्य मीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें. तें वाक्य ज्याला रोज जगावें लागतें त्याचें काय होतें, हें या चित्रपटानें लपविलेलें नाहीं. म्हणून मला तो नुसता करमणुकीचा वाटत नाहीं.

एक उणेंही सांगितलें पाहिजे. कोमल प्रसंग आला कीं वू-जिनचें रूप बहुधा देखण्या तरुणाचें असतें. रूपापलीकडचें प्रेम दाखवावयास निघालेल्यांनाही ऐन वेळीं रूपाचा मोह आवरलेला नाहीं. परंतु हा दोष काढण्याचा अधिकार मला कितपत आहे? येथून पुढचें लिहावें कीं नाहीं, हें मीं आमच्या मंडळीस विचारलें. ती म्हणाली, "लिहा. पण लिहाल तर रोगाचें नांव गाळूं नका. नाहींतर पुन्हां झांकल्यासारखेंच होईल."

लग्नानंतर सहाव्या वर्षीं तिच्या ओठाशीं एक पांढरा ठिपका उठला. वर्षभरांत तो हनुवटीवर, मानेवर, हातांवर पसरला. कोड. हा रोग संसर्गाचा नव्हे, हें डॉक्टरांनीं सांगितलें आणि आम्हां सर्वांस तें पटलेंही. मी तिला कधीं टाकून बोललों नाहीं. औषधपाण्यांत हयगय केली नाहीं. घरांत सर्वजण तिच्याच हातचें जेवत होतों. त्यामुळें मी स्वतःस मोठा उदार समजत असें. पण आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनास सर्व शिक्षक सपत्नीक येत. त्या वर्षीं मीं तिला म्हटलें, "तूं कशाला उगीच दगदग करतेस? मी जाऊन येतों." ती "बरें" म्हणाली. पुढच्या वर्षीं मला कांहीं म्हणावें लागलें नाहीं. लग्नकार्यांत ती कोठीघराची देखरेख मागून घेऊं लागली, आणि नातेवाईक तिच्या कामसूपणाची स्तुति करूं लागले. मीही केली.

दुष्यंतास शकुंतलेची ओळख पटली नाहीं ती शापामुळें, असें दाखवून कालिदासानें त्याची अब्रू राखली आहे. माझ्यामागें कोणा ऋषीचा शाप नव्हता. मी तिला पूर्णपणें ओळखत होतों. चार लोकांत ती ओळख दाखवावयास कचरत होतों. शाळेंत मुलांना 'शाकुन्तला'तील त्या अंकाचें रहस्य समजावून सांगतांना हें एकदांही माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

त्या रात्रीं चित्रपट संपला, आणि सर्वांत देखणा वू-जिन कोणता यावर मुलांचा वाद जुंपला. आमची मंडळी निवडलेली मेथी गोळा करीत उठली आणि कोणाकडे न पाहतां म्हणाली, "रूप कांहीं असो. भर बाजारांत येऊन तो तिचा हात धरतो. तेवढें केलें म्हणजे पुष्कळ झालें." एवढें बोलून ती विरजण लावावयास आंत गेली. मुलांचें तिकडे लक्षही नव्हतें. मी मात्र बराच वेळ तसाच बसून राहिलों.

दिवाळीनंतर महिन्याभरानें शाळेकडून पत्र आलें. जुन्या शिक्षकांचा सत्कार आहे, उभयतांनीं यावें. पत्र मीं तिच्या हातीं दिलें. तिनें चष्मा लावून तें दोनदां वाचलें.

"अहो, आतां माझे गुडघे कोठें चालतात? जिना चढवत नाहीं मला."

"कार्यक्रम पटांगणांत आहे," मी म्हटलें. "आणि चालतांना माझा हात धर."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी कशाला धरूं? तुम्हीच धरा."