म्हातारपणातलं बळ

भूम तालुक्यातलं आमचं ईट म्हणजे ज्वारीचं, दुभत्या जनावरांचं गाव. इथल्या म्हाताऱ्या माणसांना व्यायाम करा म्हटलं की ती हसतात. माझी आई म्हणायची, "जल्मभर खुरपलं, दळलं, पाणी शेंदलं. आता आन् कसला व्यायाम?"

तिचं खरंच होतं. पण नळ आला, दळण गिरणीवर गेलं, शेत बटईनं दिलं. काम सुटलं आणि दोन-तीन वर्षांत बळही सुटलं. वजन तेवढंच, मोठा आजार नाही. तरी खाली बसलेली आई हाताला धरल्याशिवाय उठेना. रात्री संडासला जायचं तर सुनेला उठवावं लागे. याची तिला इतकी लाज वाटायची की संध्याकाळनंतर ती पाणीच प्यायची नाही.

वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद कमी होते, याला 'सार्कोपेनिया' म्हणतात. हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचवलं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशातल्या ४५ वर्षांपुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली, तेव्हा मुठीची पकडसुद्धा यंत्रावर मोजली. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी असेल तर ताकद कमी समजतात. यंत्र नसेल तर खुर्ची चालते. हात छातीशी घेऊन पाच वेळा उठबस करायची. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. आईला तर तिसऱ्यांदा उठताच आलं नाही.

पण गेलेलं बळ परत येतं का? येतं! बोस्टनमध्ये नव्वदीच्या काही अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. १९९० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट!

डॉक्टरांना विचारून आम्हीही सुरुवात केली. भिंतीला टेकवलेली खुर्ची, आधी हात टेकून पाच उठबशा, मग हळूहळू दहा. दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या. दात नाहीत म्हणून आई चहात भाकरी कुस्करून खायची. आता तीच भाकरी घट्ट वरणात कुस्करतो, सोबत दही किंवा उकडलेलं अंडं. स्नायूंना काम लागतं तशी प्रथिनंही लागतात. नुसतं खाऊन भागत नाही आणि नुसत्या उठबशांनीही नाही.

तीन महिन्यांनी आई काठी घेऊन रात्री एकटी जाऊ लागली. कळशी अजून उचलत नाही, पण झोपताना तांब्याभर पाणी पिते. मला यातच सगळं आलं.

मुलांनो, आजी-आजोबांच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेणं म्हणजे सेवा नव्हे. जमेल तेवढं त्यांना करू द्या, आपण शेजारी उभं राहा. आज घरी गेल्यावर त्यांची पाच वेळा उठबस मोजा आणि किती सेकंद लागले ते वहीत लिहून आणा.