सुहैली : कुलाब्यात घडलेली एक संथ नौका

थोडा मोठा धागा आहे, सवडीने वाचावा.

22 एप्रिल 1969 रोजी इंग्लंडमधील फालमथ बंदरात तीस वर्षांचे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन आपल्या शिडाच्या नौकेतून परतले. 14 जून 1968 रोजी ते तेथूनच निघाले होते. 312 दिवस, सुमारे 30,000 मैल, एकट्याने आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा! हे त्यापूर्वी कोणालाच साधले नव्हते. खलाशाची कीर्ती जगभर झाली, ती योग्यच होय. मला मात्र त्यांच्याहून त्यांच्या नौकेचे कुतूहल अधिक. कारण ‘सुहैली’ आपल्या मुंबईची.

नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी ही नौका कुलाब्यात बांधून घेतली. लांबी अवघी 32 फूट, लाकूड साग, घाट नॉर्वेच्या जुन्या बचावनौकांचा : जाड, जड, दोन्ही टोकांना निमुळता. इराणच्या आखातातील आग्नेय वाऱ्याला अरबीत जे नाव आहे, तेच तिला दिले.

तिच्या फळ्या वाकसाने तासलेल्या होत्या आणि भोके दोरीने फिरवायच्या सामत्याने पाडलेली. माझे आजोबा रत्नागिरीकडे होड्या दुरुस्त करीत. त्यांचा वाकस आमच्या घरी अजून आहे, दांडा तेवढा दोनदा बदललेला. तो एकदा हातात धरून पाहिला, की सागाच्या फळीला गोलाई देणे म्हणजे काय, हे मनगटाला कळते. मुंबईच्या गोदीत 1817 साली जलावतरण झालेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. कुलाब्यातले सुतार त्याच शहराच्या परंपरेतले.

आता शर्यतीविषयी. ‘गोल्डन ग्लोब’ नावाच्या या स्पर्धेत नऊ जण उतरले आणि पूर्ण केली एकाच नौकेने. वेगाच्या हिशेबात सुहैली कोणाच्या खिजगणतीत नव्हती. नायजेल टेटली यांची तीन सांगाड्यांची वेगवान नौका अखेरच्या टप्प्यात फुटून बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांनी आपल्या स्थानाचे खोटे अहवाल धाडले. पुढे त्यांची नौका अटलांटिकमध्ये निर्मनुष्य सापडली. बर्नार्ड मोतेसिए हे खरे तुल्यबळ प्रतिस्पर्धी. ते शर्यत सोडून ताहितीकडे वळले. सर्वांत वेगवान ठरणाऱ्यासाठी ठेवलेले 5,000 पौंडही अखेर सुहैलीच्याच वाट्याला आले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती रक्कम क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिली.

सुहैली निर्दोष होती, असे मी म्हणणार नाही. अटलांटिकमध्येच तिच्या तळाजवळच्या सांध्यांतून पाणी शिरू लागले. नॉक्स-जॉन्स्टन समुद्रात उतरले, नौकेखाली बुडी मारून फटींवर कापसाची वात व कॅनव्हासची पट्टी ठोकली, वर तांब्याचा पत्रा लावला. त्यांना मध्येच एका शार्कला गोळी घालावी लागली. पुढे वाऱ्यावर आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडले, रेडिओ निकामी झाला, कित्येक महिने ते जिवंत आहेत की नाहीत हेही जगाला ठाऊक नव्हते. पण लाकडाची फट हाताने बुजवता येते. नेमकी हीच सोय फाटत चाललेल्या हलक्या नौकेत टेटलींना नव्हती, असे मला वाटते.

या कथेचा धागा पुढे गोव्यात येतो. 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे यांनी तयारीच्या काळात नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे धडे घेतले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली. 2018 च्या गोल्डन ग्लोबसाठी अभिलाष टॉमी ज्या ‘थुरिया’तून निघाले, ती सुहैलीचीच प्रतिकृती, तीही गोव्यातच घडलेली. हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले.

कुलाब्यातल्या त्या सुतारांची नावे या कथेत सहसा कोणी सांगत नाही. वाचकांपैकी कोणाचे आजोबा वा पणजोबा साठच्या दशकात तेथे नौकाबांधणीच्या कामाला असतील, तर त्यांचे नाव आणि गाव खाली अवश्य लिहावे.