ओझं कुठं बांधायचं?

दिवाळीच्या सुट्टीत मी भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला सायकलनं जाते. मुक्कामाला जायचं म्हणजे अंथरूण-पांघरूण, शिधा, भांडी, पाणी असं बारा-पंधरा किलो सामान होतंच. वर्गातली मुलं विचारतात, "बाई, एवढं ओझं घेऊन पाय दुखत नाहीत?"

दुखतात की! पण ओझं किती आहे याच्याइतकंच ते कुठं बांधलंय, हेही महत्त्वाचं असतं.

तुम्ही सायकलवरून दूध घालणारे काका पाहिलेत ना? त्यांचे कॅन कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, खाली चाकाजवळ लटकलेले असतात. अगदी तराजूच्या पारड्यांसारखे. का बरं? पाण्यानं भरलेली बादली एका हातात धरून चाला. अंग कलतं की नाही? आता तेच पाणी दोन बादल्यांत अर्धं-अर्धं घ्या. कसे सरळ चालता! सायकलचंही तसंच. वजन एकीकडे असलं, तर ती तिकडे ओढली जाते. उंचावर असलं, तर डोलते.

आमच्या वर्गातला एक मुलगा दप्तर हँडलला अडकवून यायचा. एकदा खड्ड्यात चाक गेलं, दप्तराला झोका बसला, हँडल गर्रकन वळलं आणि तो रस्त्यावर पडला. मागून टेम्पो येत होता. ड्रायव्हरनं वेळीच ब्रेक दाबला, म्हणून गुडघ्यावरच निभावलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही काटा आणला. मुलाचं वजन २८ किलो, दप्तर ६ किलो! शालेय दप्तर धोरण २०२० सांगतं, की दप्तर आपल्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. म्हणजे त्याचं तीन किलोच्या आतच हवं. मग दप्तर उपसलं. त्या दिवशी नको असलेली चार पुस्तकं, जुन्या वह्या आणि एक क्रिकेटचा चेंडू निघाला! उरलेलं दप्तर आम्ही कॅरियरवर मधोमध, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट बांधलं. पट्टीचं टोक आत खोचलं. लोंबतं टोक चाकाच्या आऱ्यांत अडकतं, हे विसरू नका. आणि ओझं असलं की सायकल लवकर थांबत नाही. उतारावर ब्रेक आधीपासूनच हळूहळू दाबा.

१९२३ साली मुंबईचे सहा तरुण सायकलनं जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं १९२८ साली जग फिरून परतले. साडेचार वर्षांचं सामान सायकलवर मावेल का? काय घ्यायचं यापेक्षा काय घरी ठेवायचं, याचाच विचार त्यांना जास्त करावा लागला असणार.

तुम्हाला तर फक्त उद्याच्या शाळेचं सामान न्यायचंय. मग आज रात्री वेळापत्रक समोर ठेवा आणि दप्तर उघडा. बघू या, तुमच्या दप्तरातून काय काय निघतं!